डॉक्टर व्हायला वय आडवे येत नाही, हिशेब येतो

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, मेडिकलच्या दुकानात, शाळेत अशी काही माणसे काम करतात की ज्यांना मुळात डॉक्टर व्हायचे होते. बारावीला मार्क चांगले पडले होते. पण त्या साली पाऊस दगा देऊन गेला, कुणाच्या बापावर सोसायटीचे कर्ज होते, कुणाचे लग्न ठरले, तर कुणाला धाकट्या भावाला शिकवायचे होते. मग कुणी नर्स झाली, कुणी औषधनिर्माता झाला, कुणी मास्तर झाला. आता तिशी उलटली, पदरी दोन लेकरे आली, महिन्याचा पगार सुरू झाला. तरी मनातला तो विषय काही जात नाही.

अशा माणसाने घरात तोंड उघडले की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सासरे म्हणतात, "आता हे काय नवीन?" शेजारी म्हणतात, "पोरांच्या शाळेचं बघायचं सोडून हिलाच शाळेत जायचंय." आणि ते माणूस गप्प बसते. आमचे म्हणणे असे की, त्याला गप्प बसवू नका आणि नुसते हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नका. हा विषय हिशेबाचा आहे, तो घरादाराने मिळून करायचा आहे आणि त्यात गावाचाही स्वार्थ आहे.

दार उघडले ते असे

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला पूर्वी वरची वयोमर्यादा होती. खुल्या प्रवर्गाला २५ वर्षे आणि राखीव प्रवर्गाला ३०. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये ही मर्यादा काढून टाकली. आता फक्त खालची अट आहे, वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. वर हद्द नाही. ३५ वर्षांची नर्स आणि ४० वर्षांचा मास्तर यांनाही अर्ज भरता येतो.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तिघांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. ज्यांनी तेव्हा गणित घेतले आणि जीवशास्त्र सोडले, त्यांची वाट पूर्वी बंद होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने तीही मोकळी केली. बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन पास झालेल्यालाही नीट देता येते. नीटचा पेपर मराठीतूनही मिळतो. पुढचे डॉक्टरकीचे शिक्षण मात्र आपल्याकडे इंग्रजीत आहे, हे ध्यानात ठेवा.

ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० साली, वयाच्या ६४ व्या वर्षी नीट पास करून तिथल्या बुर्ला गावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाव घातले होते. वर्तमानपत्रांतून त्याचे फोटो आले, लोकांनी कौतुक केले. कौतुक योग्यच आहे. पण तुमची गोष्ट वेगळी. निवृत्त माणसाला रोज हजेरीवर सही करायची नसते. तुम्हाला सकाळी डबा करायचा आहे, आठ वाजता ड्युटी गाठायची आहे आणि रात्री लेकराचा पाढा घ्यायचा आहे. म्हणून त्या फोटोकडे बघून नोकरी सोडू नका.

साडेपाच वर्षे म्हणजे किती?

आता आकडे बघू. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुले नीटला बसली. देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे एका जागेमागे सतरा-अठरा जण. त्यातल्या सरकारी जागा साधारण निम्म्या. परीक्षा ७२० गुणांची, प्रश्न १८०. त्यातले ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकले तर १ गुण वजा. सतरा वर्षांचे पोर दिवसाचे दहा तास अभ्यास करते, त्याच्याशी तुमची बरोबरी आहे. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे. का शिकायचे, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे.

प्रवेश मिळालाच तर पुढे साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. ही मुक्त विद्यापीठाची बी.ए. नव्हे, की रविवारी तास आणि मे महिन्यात पेपर. एम.बी.बी.एस. घरी बसून होत नाही, रात्रीच्या कॉलेजातही होत नाही. तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटली पाहिजे आणि सगळे शिक्षण प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावे लागते. नोकरी सांभाळून हे जमत नाही. कुणी "जमतं हो" म्हणत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकायला आलेला आहे असे समजा.

समजा, आज तुम्ही ३३ वर्षांचे आहात. नीटला दोन वर्षे धरा. मग साडेपाच वर्षे. सरकारी कॉलेजात शिकलात तर आपल्या राज्यात एक वर्ष बंधपत्राची सेवा करावी लागते. ती टाळली तर दंड १० लाख रुपये. म्हणजे मोकळे व्हाल तेव्हा एक्केचाळीस-बेचाळीस. आज पहिलीत असलेले लेकरू तोवर नववी-दहावीत गेलेले असेल. "तोवर वय किती होईल?" असे लोक विचारतील. अहो, शिकले नाही तरी वय तेवढेच होणार आहे. खरा प्रश्न तो नाही. त्या साडेपाच वर्षांत घर कशावर चालणार, हा खरा प्रश्न आहे.

एक कागद घ्या आणि नवराबायकोने समोरासमोर बसून लिहा. घराला महिन्याला किती लागतात? समजा १५ हजार. साडेपाच वर्षांचे महिने ६६. म्हणजे ९ लाख ९० हजार, आणि हे फक्त घरखर्चाचे. त्यात फी, पुस्तके, खानावळ, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. आजारपण, लग्नकार्य, बोअरची मोटर जळणे हे तर धरलेलेच नाही. इंटर्नशिपला विद्यावेतन मिळते, पण ते शेवटच्या बारा महिन्यांत. हा आकडा दुसऱ्याच्या पगारातून, शेतीतून, दुधातून किंवा शिलकीतून भरून निघत असेल तरच पुढचे पाऊल टाका. निघत नसेल तर आधी दोन-तीन वर्षे शिल्लक टाका. वयाची हद्द आता नाही, मग घाई कशाची?

जमीन विकू नका

आमचे सगळ्यात कळकळीचे सांगणे हे आहे. नीटच्या क्लाससाठी किंवा खासगी कॉलेजच्या जागेसाठी जमीन विकू नका, गहाण टाकू नका. सरकारी कॉलेजची फी सामान्य घराला कर्ज काढून झेपण्यासारखी असते. खासगी कॉलेजात तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो. तरुण डॉक्टरापुढे ते कर्ज फेडायला चाळीस वर्षे असतात, तुमच्यापुढे वीस. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण न घेण्याची केंद्राची हमी योजना आहे. बँकेचे साहेब सातबारा मागू लागले तर त्या योजनेचे नाव घेऊन लेखी उत्तर मागा.

"सीट मिळवून देतो" म्हणणारे एजंट तालुक्याच्या गावात फिरत असतात. सरकारी असो, खासगी असो की अभिमत विद्यापीठ असो, एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीटच्या गुणांवर आणि सरकारी प्रवेश फेरीतूनच होतो. रोख पैसे घेऊन बाहेरून जागा देणारा माणूस खोटा, हे पक्के समजा. परदेशातल्या स्वस्त कॉलेजांचेही तसेच. तिकडे जायलाही नीट पात्र व्हावे लागते. २०२१ च्या नियमाप्रमाणे तिथे किमान ५४ महिने शिक्षण, मग तिथेच एक वर्ष इंटर्नशिप आणि परत येऊन इथे आणखी एक वर्ष. मध्ये पास व्हावी लागते ती इथली परीक्षा, जिच्यात निम्म्याहून अधिक नापास होतात. लेकरे घरी ठेवून सहा-सात वर्षे परमुलखात राहणे आईबापाला परवडणारे नाही.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर परवानगी घेतल्याशिवाय फॉर्म भरू नका आणि प्रवेश हातात पडल्याशिवाय राजीनामा लिहू नका. अभ्यास रजा असते, पण सगळी मिळूनही ती साडेपाच वर्षांना पुरत नाही. कंत्राटी असाल तर करार संपला की जागा गेली. आणि प्रयत्न किती करायचे ते आधीच ठरवा. आमच्या मते दोन. दोनदा मनापासून बसून जमले नाही तर घराची ओढाताण थांबवावी. त्यात कमीपणा नाही.

लेकीला घराला जुंपू नका

या विषयाची एक बाजू फारशी कुणी बोलत नाही. आई शिकायला जिल्ह्याच्या गावी गेली की घरातले काम नाहीसे होत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडते. ते बहुतेक वेळा बारा-तेरा वर्षांच्या लेकीच्या अंगावर पडते. भाकरी तिने करायची, धाकट्याला तिने सांभाळायचे, पाणी तिने भरायचे. आई डॉक्टर झाली आणि लेक आठवीतून घरी बसली, असा सौदा आम्हाला मान्य नाही. तुम्हालाही नसावा.

तेव्हा घरातल्या बाप्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. बायको शिकायला निघाली तर स्वयंपाकघरात तुम्हाला शिरावे लागेल. शाळेच्या सभेला तुम्हाला जावे लागेल. सासूबाईंच्या गुडघ्यांवर सगळे टाकून चालणार नाही. आणि शिकायला बाप निघाला असेल, तर शेत, गुरे आणि पोरे हे तिन्ही एकट्या आईवर टाकून "मी अभ्यास करतोय" म्हणणेही बरोबर नाही. कोण काय करणार हे तारखेसह ठरवा आणि भिंतीवर लावा. लेकरांनाही विचारा. आई शनिवारी येईल म्हटले तर शनिवारी आली पाहिजे, एवढे त्यांना पुरते.

शिकणाऱ्याच्या तब्येतीचेही बघा. आपल्या आनंदीबाई जोशी, पोटचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या, १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण शरीर खचले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या, दवाखाना चालवायचा राहूनच गेला. बंगालच्या कादंबिनी गांगुली १८९३ साली घरात मुले असताना विलायतेला गेल्या, पदव्या घेऊन आल्या आणि पुढे वर्षानुवर्षे रुग्ण पाहिले. आईने डॉक्टरकी शिकणे या देशात सव्वाशे वर्षांहून जुने आहे. तेव्हा "आमच्यात असं नसतं" हे कारण कुणी सांगू नये. फक्त शिकणाऱ्याचे जेवण, झोप आणि औषधपाणी यात काटकसर करू नका.

दुसरे रस्तेही आहेत

डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस.च असा हट्ट नको. पण एक गैरसमजही काढून टाका. आयुर्वेदाच्या बी.ए.एम.एस.ला नीटच लागते आणि इंटर्नशिप धरून साडेपाचच वर्षे लागतात. तो जवळचा रस्ता नाही, वेगळा रस्ता आहे. त्या शास्त्राची आवड असेल तरच त्यात जा.

नर्सिंगमध्ये मात्र टप्प्याटप्प्याने चढता येते. जी.एन.एम. तीन वर्षांचे. ते झाल्यावर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद असते. जी.एन.एम., बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.ए.एम.एस. झालेल्यांना सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण घेऊन तिथे जाता येते. गावातच रुग्ण तपासणे, रक्तदाब-साखरेची औषधे देणे, बाळंतिणीकडे लक्ष ठेवणे हे काम तिथे होते. ज्याला पदवीपेक्षा काम हवे आहे, त्याने हा रस्ता नीट बघावा.

लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या बायांना आरोग्याचे काम शिकवता येते, हे आपल्या महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले आणि गावोगावच्या बायांना, त्यातल्या कित्येक अक्षरशत्रू, आरोग्य कार्यकर्त्या बनवले. त्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळे वाचवली. २००५ नंतर आलेली आशाताई त्याच वाटेवरची. तिची निवडच २५ ते ४५ वयातील, लग्न झालेल्या, विधवा किंवा परित्यक्ता बाईतून करायची असा दंडक आहे. म्हणजे गावाच्या आरोग्याचा भार आपण आधीच आईवर टाकलेला आहे. त्यातल्या एखादीला पुढे शिकावेसे वाटले तर आपण नाक का मुरडायचे?

गावाने काय करायचे

यात गावाचा काय फायदा, असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. तरुण डॉक्टर बंधपत्राचे वर्ष भरतो आणि पुढच्या शिक्षणाला शहरात निघून जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचे वय ते आहे. पण ज्याचे घर इथे, शेत इथे, लेकरांची शाळा इथे, असा चाळिशीचा डॉक्टर गावाजवळ राहण्याचा संभव जास्त. रात्री दोनला दार वाजले तर तो उठेल, कारण दार वाजवणारा त्याच्या भावकीतला असेल.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेब, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना आमचे सांगणे आहे. प्रवेशाच्या वेळी कागद अडकतात आणि जागा जाते. अधिवास, उत्पन्न, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर हे कागद नीटच्या निकालानंतर नव्हे, फॉर्म भरायच्या आधी काढायला लावा. लग्न झालेल्या बाईचे जातीचे पुरावे माहेरचे लागतात, सासरचे चालत नाहीत. नाव बदललेले असेल तर राजपत्राचा किंवा विवाह नोंदणीचा कागद लागतो. हे तिला वेळेवर सांगणारे गावात कुणीतरी हवे. राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, हेही सांगा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. शिकायला निघालेल्या विवाहितेने त्याचा लाभ कॉलेजकडे लेखी मागावा.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांचा एक संच आणि रात्री दहापर्यंत जळणारा दिवा, एवढे जरी केले तरी खूप झाले. त्याचा उपयोग गावच्या पोरांनाही होईल.

सरकारला एवढेच सांगणे

परीक्षेची वयोमर्यादा काढली, पण वाटेतले दोन अडथळे तसेच आहेत. पहिला, राज्याच्या नोकऱ्यांत भरतीची वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. वैद्यकीय पदांच्या जाहिरातीत ती वेगळी असू शकते, म्हणून जाहिरात वाचूनच बेत करा. पण आरोग्य खात्यात आधी राबलेल्या आणि नंतर डॉक्टर झालेल्या माणसाला ग्रामीण पदासाठी वयात स्पष्ट सवलत हवी. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने लावायचे, याला काय अर्थ आहे?

दुसरा अडथळा लेकरांचा. वसतिगृहाची खोली विद्यार्थ्यासाठी असते, तिथे मूल ठेवता येत नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावे, असा कायदा आहे. ते कर्मचाऱ्यांसाठी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांनी ते सुरू करावे आणि त्यात शिकणाऱ्या आईबापांच्या लेकरांनाही घ्यावे. यासाठी फार मोठा पैसा लागत नाही, एक मोठी खोली आणि दोन ताया लागतात.

येत्या ग्रामसभेत हे दोन ठराव मांडा, पास करा आणि पंचायत समितीमार्फत वर पाठवा. आणि तुमच्या घरात असा शिकायचा विषय निघाला, तर हसण्याआधी तो कागद आणि पेन घेऊन बसा. आकडा जुळला तर पाठवा. नाही जुळला, तर कधी जुळेल ते साल लिहून ठेवा.